खांब उभा तर रूळ उभा

(विभागीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'कोळसा खाणीतील आधार आणि जमिनीचे खचणे' असा विषय छापलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटी पद्धत हे आपले नेहमीचे विषय. मग खाणीचे काय? सकाळी चहाच्या वेळी एका टपाल खात्यातल्या साथीने आम्हाला विचारलेच, "सेक्रेटरीसाहेब, खाण कामगारांची युनियन वेगळी आहे ना?"

आहे. पण जमीन वेगळी नाही. ज्या जमिनीच्या पोटातून तो कामगार कोळसा काढतो, तिच्याच पाठीवर आपले रूळ आहेत आणि तिच्यावरच्या वस्तीत पोस्टमन टपाल वाटतो. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळजवळ निम्मा वाटा आजही कोळशाचा आहे. एवढेच नव्हे, एके काळी रेल्वे स्वतःच खाणमालक होती. १९५६ साली राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ स्थापन झाले, ते रेल्वेच्या मालकीच्या अकरा खाणी हाती घेऊनच. तेव्हा हे नाते जुने आहे.

आम्ही मॅट्रिक झालेले माणूस. इंजिनिअर नाही. पण तीस वर्षे रुळावर काढली, आणि जे समजून घेतले ते आपल्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

आधी अनुभव सांगतो. आम्ही नव्याने गँगमन लागलो तेव्हा वर्धा खोऱ्यातल्या एका कोळसा सायडिंगवर आमची गँग होती. त्या सायडिंगच्या एका ठिकाणी रूळ सारखा बसायचा. आम्ही गिट्टी टाकायची, बीटरने ठोकून पॅकिंग करायचे, लेव्हल आणायची. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा खड्डा. पावसाळ्यात तर तिसऱ्या दिवशी. वरून हुकूम एकच, "पॅकिंग नीट करा." जणू आमच्या हातातच खोट होती. आमचे मुकादम वयस्क होते, शाळा फारशी शिकलेले नव्हते. एक दिवस ते बीटर टेकून म्हणाले, "पोरहो, गिट्टी कमी नाही पडून राहिली, जमीनच खाली चालली."

त्यांनी ते तोंडी वर सांगितले. एकदा नाही, तीनदा. ऑगस्ट महिन्यात एका रात्री गस्तवाल्याला स्लीपरच्या टोकापासून चार हातांवर जमिनीत भगदाड दिसले. बैलगाडी मावेल एवढे. त्याने फटाके लावले, लाल दिवा दाखवला आणि येणारा रिकामा रेक थांबवला. कोणी दगावले नाही. पुढे चौकशी झाली. चौकशीत पहिला प्रश्न गँगला होता, "कळवले का नाही?" आम्ही म्हणालो कळवले होते. "कुठे लिहिले आहे?" कुठेच लिहिलेले नव्हते. मुकादमांच्या हाती मेमो आला. पुढे युनियनने भांडून तो मागे घ्यायला लावला, पण तोवर त्या माणसाची झोप उडाली ती उडालीच. त्या जागेखाली जुन्या खाणीची गल्ली होती, हे आम्हाला सर्वांत शेवटी कळले. ज्यांच्या पायाखाली ती होती, त्यांना शेवटी!

साथींनो, आजचा विषय त्या प्रसंगातून आला आहे.

आता खाणीत आधार कसा ठेवतात ते पाहू. आपल्या देशात जमिनीखालचा कोळसा बहुतांशी खांब पद्धतीने काढला गेला. थरात उभ्या-आडव्या गल्ल्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. बुद्धिबळाच्या पटाची कल्पना करा. रेषा म्हणजे गल्ल्या, घरे म्हणजे खांब. वाड्यात माळवद लाकडी खांबांवर असते, तसे इथे वरचा सगळा डोंगर त्या कोळशाच्या खांबांवर असतो. लाकडाचे किंवा लोखंडाचे जे टेकू आणि छताला मारलेले जे बोल्ट आपण चित्रात पाहतो, ते गल्लीचे छत डोक्यावर पडू नये म्हणून. डोंगराचे वजन ते पेलत नाहीत. ते पेलतो खांब.

किती मोठा खांब ठेवायचा, हे मालकाच्या मर्जीवर नाही. कोळसा खाण विनियम १९५७ मध्ये त्याचा तक्ता होता आणि २०१७ च्या नव्या विनियमांतही तक्ता आहे. गल्ली ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच साधारणपणे नसावी. ४.८ मीटरच्या गल्लीला, खोली ६० मीटरपर्यंत असेल तर एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किमान १९.५ मीटर अंतर हवे. खोली ३६० मीटरच्या पुढे गेली तर तेच अंतर ४८ मीटर. म्हणजे जितके खोल, तितका खांब जाड.

याचा हिशेब आपण पाटीवर करू. खडकाचे वजन एका घनमीटरला सुमारे अडीच टन धरा. ६० मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर १५० टन भार आला. १९.५ मीटरच्या चौकोनाचे क्षेत्रफळ ३८० चौरस मीटर. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला ५७,००० टन. भरलेल्या मालगाडीत साधारण चार हजार टन कोळसा धरला, तर चौदा मालगाड्या एकावर एक रचल्यासारखे झाले. गल्ली वजा जाता खांब उरतो १४.७ मीटरचा, म्हणजे २१६ चौरस मीटर. तेव्हा खांबाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २६४ टन. कोळसा निघाला शंभरातला ४३.

आता कोणी लोभाने त्या खांबाच्या चारही बाजूंनी फक्त दीड-दीड मीटर कोळसा कापला, तर? खांब उरला ११.७ मीटरचा, म्हणजे १३७ चौरस मीटर. वरचा डोंगर तोच. भार झाला दर चौरस मीटरला ४१७ टन, पूर्वीच्या दीडपटीहून जास्त. शिवाय छताचा कोळसाही उतरवून उंची वाढवली, तर खांब बारीकही झाला आणि उंचही. उखळ आणि मुसळ एकाच लाकडाचे असले तरी भार उखळच सोसते. रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावर खांबाची ताकद असते.

हे गणित जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक येथे २१ जानेवारी १९६० रोजी खाणीतले शेकडो खांब एकापाठोपाठ एक चिरडले गेले आणि चारशेहून अधिक कामगार आत राहिले. त्यांचे देहसुद्धा बाहेर काढता आले नाहीत. तिथे छताचा कोळसा काढून उंची वाढवली होती. आणि त्याच खाणीचा एक भाग डिसेंबर १९५९ मध्ये आधीच कोसळला होता. इशारा मिळाला होता, काम थांबले नव्हते. त्यानंतर सॅलेमन आणि मन्रो या दोघांनी टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ खाणकामांचा अभ्यास केला आणि १९६७ साली खांबाच्या ताकदीचे सूत्र मांडले. खांबाची ताकद भागिले त्यावरचा भार, याला सुरक्षा गुणांक म्हणतात. एक आला म्हणजे काठावर. त्यांनी १.६ चा आकडा पुढे ठेवला. आपल्याकडे धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने आपल्या कोळशासाठी स्वतंत्र सूत्र तयार केले. वरच्या जमिनीवर रेल्वे किंवा वस्ती असेल आणि ती कायमची राखायची असेल, तर गुणांक दोनच्या आसपास धरतात. हा दोनचा आकडा लक्षात ठेवा. उद्या कोणाशी बोलताना तो उपयोगी पडेल.

मग नियम असून जमीन खचते का? त्याची कारणे आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिले, खांब कायमचे ठेवायचे नसतातच. गल्ल्या पूर्ण झाल्या की मागे सरकत खांबही काढतात आणि मागची पोकळी कोसळू देतात. त्या पोकळीला खाणीत गोफ म्हणतात. अशा ठिकाणी वरची जमीन थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिकही बसू शकते. वर शेत किंवा रान असेल तर भरपाई देऊन भागवतात. रूळ असेल तर खांब ठेवलेच पाहिजेत, किंवा पोकळी भरली पाहिजे.

दुसरे, जुनी लूट. राणीगंजला कोळसा काढायला १७७४ साली सुरुवात झाली, आणि राष्ट्रीयीकरण झाले १९७१ ते १९७३ या काळात. मधली दोनशे वर्षे बहुतेक खाणी खासगी मालकांच्या. जिथे सोपे तिथे ओरबाडले, खांब खरवडले आणि नकाशे अर्धवट ठेवले, काही ठिकाणी ठेवलेच नाहीत. आज तिथे खाली काय आहे ते वरून सांगता येत नाही. त्यात हल्ली बेकायदा खोदणारे सोडलेल्या खाणीत शिरून उरलेले खांब पोखरतात. हेही आपलेच गरीब बांधव असतात. पोटासाठी उतरतात आणि तिथेच गाडले जातात.

तिसरे, उथळ खाणी. खोली कमी असली की गल्लीचे छत थोडे थोडे गळते, पोकळी वर वर चढते आणि एके दिवशी पृष्ठभागाला भोक पडते. खांब शाबूत असताना दोन खांबांमधली जमीन जाते. आमच्या सायडिंगवर तेच झाले होते.

चौथे, पाणी आणि आग. पाण्याने खांब आणि खालची जमीन मऊ होते, आणि वर्षानुवर्षे भरलेले पाणी उपसले की त्याचा आधारही जातो. आगीचे तर विचारू नका. झरियात १९१६ सालापासून भूमिगत आग नोंदलेली आहे. कोळशाचाच खांब आणि त्यालाच आग. ज्यावर घर उभे तो खांबच जळतो.

पाचवे, एकाखाली एक थर. वरच्या थरातला खांब खालच्या थरातल्या गल्लीवर आला तर तो अधांतरी. म्हणून दोन थरांमधले अंतर ९ मीटरपेक्षा कमी असेल तर खांब बरोबर एकावर एक यावेत, असा नियम आहे. मजल्यावरचा खांब खालच्या खांबावर घ्यावा, हे गवंड्यालाही कळते.

उपायही ठरलेले आहेत. खाणीचे स्वतंत्र कप्पे पाडावेत आणि दोन कप्प्यांमध्ये जाड भिंतीसारखा खांब सोडावा, म्हणजे एका कप्प्यात पडझड झाली किंवा आग लागली तर ती शेजारी जात नाही. पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती ठासून भरावी. असे भरल्यावर जमीन जी बसते ती थराच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढा फरक आहे! दामोदर नदीची वाळू यासाठी वापरली गेली. १९३९ साली वाळू भरण्याचा कायदाही झाला. पण वाळूला, तिच्या वाहतुकीला, पाइपांना पैसा लागतो आणि भरलेल्या वाळूचे पैसे बाजारात मिळत नाहीत. म्हणून जिथे कामगार आणि जनता जागी, तिथेच वाळू भरली गेली. आणि आपल्यासाठी महत्त्वाचा नियम असा की रेल्वेपासून ४५ मीटरच्या आत खाणकाम करायचे किंवा खांब काढायचे तर खाण सुरक्षा खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, आता बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो, जमिनीखालचा अगदी थोडा. खरे आहे. पण काम बंद झाले म्हणून पोकळी बंद होत नाही. निवृत्त झालेल्या माणसासारखे त्या खांबांचे असते. कोणी विचारत नाही, पण भार उतरलेला नसतो.

आता आपल्या रेल्वेवर काय बेतले ते पहा. धनबाद ते चंद्रपुरा हा ३४ किलोमीटरचा मार्ग झरियाच्या कोळसापट्ट्यातून जातो. हे चंद्रपुरा झारखंडातले, आपले चंद्रपूर नव्हे. खालची आग आणि खचण्याचा धोका यामुळे २०१७ च्या जूनमध्ये हा मार्ग बंद केला. सव्वीस जोड्या गाड्यांवर परिणाम झाला. कतरासच्या लोकांचे दळणवळण तुटले, हमाल, फेरीवाले, चहावाले बसले. लोकांनी आंदोलन केले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. धनबाद-झरिया-पाथरडीह मार्ग तर आगीमुळे त्याआधीच गेला. लोकांना गाडी हवी होती, आणि त्यांचे बरोबर होते. पण त्या मार्गावर रात्री गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनलाही घरी परतायचे होते, आणि त्याचेही बरोबर होते. हे दोन्ही बरोबर असताना भांडण या दोघांत लागता कामा नये. खालचे खांब ज्यांनी खाल्ले त्यांच्याकडे बोट गेले पाहिजे.

या प्रश्नावर संघटित कामगाराने काय केले, हेही सांगितले पाहिजे. आसनसोलचे खासदार आणि कोळसा कामगारांचे नेते हराधन राय यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आग आणि खचणारी जमीन यांपासून लोकांना वाचवा, अशी ती मागणी. त्या लढाईतून ऑगस्ट २००९ मध्ये झरिया-राणीगंजचा बृहद् आराखडा मंजूर झाला, सुमारे ९,७७४ कोटी रुपयांचा. त्यातल्या झरियाच्या भागाची मुदत २०२१ मध्ये संपली आणि काम बाकी राहिले. म्हणून जून २०२५ मध्ये झरियासाठी सुमारे ५,९४० कोटींचा सुधारित आराखडा मंजूर करावा लागला. एका कामगार नेत्याच्या अर्जावर एवढे हलले. पण मंजुरी आणि घराची किल्ली यांत किती वर्षे जातात, तेही त्यातून दिसले.

आता आमच्या टपाल खात्याच्या साथींना सांगतो. झरियातून लोकांना बेलगडियासारख्या नव्या वसाहतीत नेले. घर खचले की पत्ता जातो. पत्ता गेला की पेन्शनचा कागद, मुलाच्या नोकरीचे पत्र, कोर्टाचे समन्स, बँकेची नोटीस हे सारे जुन्या दारावर जाते आणि 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत येते. कोणते कुटुंब कुठे गेले, हे सरकारी यादीपेक्षा पोस्टमनला आधी ठाऊक असते. ती माहिती लिहून ठेवा. पुनर्वसनाच्या भांडणात तीच उद्या पुरावा होते.

आणि हे सगळे दूर बंगाल-झारखंडातले आहे, असे समजू नका. आपल्या वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकात सरकारी खाण होती. ती १९०६ साली बंद झाली, त्याआधीच बल्लारपूरचे काम सुरू झाले होते. बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, वणी, तिकडे मध्य प्रदेशात परासिया, जुन्नारदेव. या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली जुनी कामे आहेत आणि वर आपले रूळ, आपली क्वार्टर्स, आपली पोस्टे आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली.

मग आपण काय करायचे? आमच्या विभागाच्या वतीने चार गोष्टी ठेवतो. ठरावाच्या रूपाने दुपारच्या सत्रात त्या येतीलच.

एक, कोळसापट्ट्यातून जाणाऱ्या प्रत्येक सेक्शनच्या गँगला आपल्या हद्दीखाली जुने-नवे खाणकाम कुठे आहे, त्याचा नकाशा मिळाला पाहिजे. साहेबाच्या कपाटात असून उपयोग नाही. तो टूलरूमच्या भिंतीवर हवा.

दोन, रेल्वे, खाण व्यवस्थापन आणि दोन्हीकडच्या युनियनचे प्रतिनिधी यांनी अशा जागांची वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एकत्र पाहणी करावी आणि अहवाल लेखी द्यावा.

तीन, रुळालगत ४५ मीटरच्या आत परवानगी दिली असेल तर कोणत्या अटींवर, खांब किती ठेवले, पोकळी भरली की नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्याला हवा. गुणांक किती धरला, एवढेच विचारा. समोरचा साहेब खुर्चीत सरळ बसतो की नाही बघा.

चार, ही मागणी नव्हे, आपली स्वतःची शिस्त. जे दिसेल ते लिहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा रूळ बसणे, जमिनीला नव्या भेगा, विहिरीचे पाणी अचानक जाणे, झाड किंवा खांब कलणे, पावसाळ्यात जमिनीतून वाफ किंवा धूर येणे. तारीख, किलोमीटर, वेळ घालून डायरीत लिहा, वर द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर शाखा सेक्रेटरीकडे या. पोच मिळवून देणे आमचे काम.

आमच्या मुकादमांना जमिनीचे दुखणे बरोबर कळले होते. इंजिनिअरच्या आधी कळले होते. त्यांच्याकडे फक्त कागद नव्हता. ते आज हयात नाहीत. पण निवृत्तीच्या दिवशी आम्ही त्यांना नारळ दिला, तेव्हा ते काय म्हणाले ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणाले, "बापू, तो मेमो मागे घेतला, ठीक झालं. पण मी तीनदा सांगितलं होतं, हे कोणी लिहिलं का?"

नव्हते लिहिले. आज या अभ्यासवर्गाच्या वृत्तांतात ते लिहिले जावे, अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे.

साथींनो, खाणीत एका खांबाने जबाबदारी सोडली की त्याचा भार शेजारच्यावर येतो, तो मोडला की त्याच्या शेजारच्यावर. कोलब्रुकला असेच झाले. संघटनेचेही असेच असते. खाण कामगार, रेल्वे कामगार आणि टपाल कामगार यांनी एकमेकांचा भार ओळखला तर कोणालाही एकट्याने चिरडून जावे लागणार नाही.

शंका असतील तर जेवणानंतर जरूर विचारा. फळा आणि खडू आम्ही इथेच ठेवला आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!